उत्तम ध्वनिमुद्रणाचे जॅझ अल्बम: आवृत्ती कशी निवडावी आणि कशी पारखावी

उत्तम ध्वनिमुद्रण असलेल्या जॅझ अल्बमची कुठलीही यादी उघडा, बहुतेक तीच दहा-बारा नावं दिसतात. नावं बरोबर असतात, चूक पुढे होते. यादीतलं नाव शोधून पहिली हाती लागेल ती आवृत्ती लावली जाते, दोन मिनिटं ऐकून 'यात एवढं काय आहे?' म्हणत बंद केली जाते. नाहीतर दुसरी आवृत्ती जोरात वाजते म्हणून तीच सरस ठरते आणि तिच्यावर पैसे खर्च होतात.

एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या इतक्या वेगळ्या वाजू शकतात की ध्वनिमुद्रण एकच आहे यावर विश्वास बसू नये. पण तो फरक ऐकू येण्याआधी बसायची जागा, जोडणी आणि आवाजाची पातळी या तिन्ही गोष्टी मार्गी लागाव्या लागतात. म्हणून खालचा क्रम बदलू नका. आवृत्त्यांची तुलना आधी आणि स्पीकरची मांडणी नंतर केलीत, तर तुम्ही अल्बम नव्हे, खोली पारखलेली असते.

तयारी

मोजपट्टी, एक छोटा आरसा, आवाजाची पातळी दाखवणारं फोनवरचं अ‍ॅप, कागद-पेन आणि मदतीला एक माणूस एवढं पुरे. फोनचं अ‍ॅप खरे डेसिबल अचूक दाखवत नाही, पण आपल्याला दोन आवाजांमधला फरक मोजायचा आहे आणि तेवढ्यासाठी ते चालतं. संगणकावरून ऐकत असाल तर फूबार २००० सारखा प्लेअर घ्या. त्यात दोन फायलींचा आवाज समान करण्याची आणि न बघता तुलना करण्याची सोय आहे. खोलीतला पंखा बंद करा. ब्रशने वाजवलेल्या ड्रमचा आवाज आणि पंख्याची घरघर एकमेकांत सहज मिसळतात.

पायरी १: बसण्याची जागा आणि स्पीकर

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. डाव्या स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर आणि उजव्यापासूनचं अंतर मोजपट्टीने मोजा. दोन्हींत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. स्पीकरचा लहान, उंच स्वरांचा भाग कानाच्या उंचीवर आणा.

आता आरसा. तुम्ही खुर्चीत बसा आणि मदतनीसाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन तुमच्याकडे येतो. त्या जागी जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आलं की वाद्यांच्या जागा लगेच स्पष्ट होतात.

मग येतो खर्जाचा प्रश्न, आणि जॅझमध्ये तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण डबल बास जवळजवळ अखंड वाजत असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि ३४३ ला तिने भागा: त्या खोलीची सर्वांत खालची घुमणारी कंपनसंख्या मिळते. ४.२ मीटर लांबीच्या खोलीत ती ४१ हर्ट्झच्या आसपास येते. डबल बासच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ४१.२ हर्ट्झचा असतो. म्हणजे अशा खोलीत मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तो स्वर फुगेल आणि खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तो गळून पडेल. दोन्ही जागा टाळा. खुर्ची थोडी थोडी पुढे-मागे सरकवा आणि बासचे स्वर एकाच वजनाचे वाटतील तिथे थांबा.

*सावधान:* खर्ज फुगतोय म्हणून आधी इक्वलायझरला हात लावू नका. आधी खुर्ची हलवा, मग स्पीकर. विशिष्ट जागी गळून पडलेला स्वर इक्वलायझरने परत येत नाही.

हेडफोनवर ऐकणाऱ्यांना ही पायरी लागू नाही. मात्र १९५० च्या दशकाअखेरच्या अनेक स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत एक वाद्य पूर्ण डावीकडे आणि दुसरं पूर्ण उजवीकडे असतं. हेडफोनवर ते कानात टोचतं. अशा वेळी प्लेअरमधली क्रॉसफीड ही सोय (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळणारी) सौम्य प्रमाणात लावा, किंवा त्या अल्बमची मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली, आवृत्ती शोधा.

पायरी २: जोडणीतली लुडबुड बंद करा

खर्ज वाढवणं, आवाज 'उठावदार' करणं, आभासी सराउंड हे सगळं बंद. फोन, संगणक, अ‍ॅम्प्लिफायर आणि अ‍ॅप अशा चारही ठिकाणी पाहा, कारण एखादी सोय कुठेतरी चालू राहतेच. पारख करताना ब्लूटूथऐवजी तार वापरा.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, डॉल्बी अ‍ॅटमॉस या सराउंड ध्वनीचा पर्याय. तो आपोआप चालू असेल तर जुन्या अल्बमचं मूळ स्टिरिओ मिश्रण न वाजता नव्याने केलेलं मिश्रण वाजू शकतं. ते चांगलं की वाईट हा वेगळा मुद्दा. पण तुम्ही ज्याची कीर्ती ऐकून आलात ते हे नव्हे. दुसरी, गाण्यांचा आवाज समान ठेवण्याची सोय. ती चालू ठेवायला हरकत नाही, उलट फायद्याचीच आहे. फक्त तिच्यातला 'मोठा आवाज' हा पर्याय घेऊ नका, कारण काही अ‍ॅपमध्ये त्या पर्यायात लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणारी प्रक्रिया, लागतो आणि सुरांच्या कडा कापल्या जातात.

पायरी ३: डावं-उजवं आणि तारांची दिशा

यासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. तो १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिलला न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ती इमारत पूर्वी चर्च होती आणि तिची उंच पोकळी त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते. ध्वनिमुद्रण तीन ट्रॅकच्या टेपवर झालं, त्यामुळे वाद्यांच्या जागा ठाम आहेत: जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन डावीकडे, कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा आल्टो उजवीकडे, ट्रम्पेट मध्यावर.

पहिली रचना 'सो व्हॉट' लावा. पहिला एकल (सोलो) ट्रम्पेटचा, दुसरा टेनरचा, तिसरा आल्टोचा. टेनर उजवीकडून आला तर तारा उलट लागल्या आहेत. ट्रम्पेट आणि बास मध्यावर ठाम न दिसता सगळीकडे पसरले, खर्ज पातळ झाला, तर एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट आहेत. महागड्या संचांतही ही चूक आढळते, आणि पुष्कळदा अल्बमच्या माथी मारली जाते.

*तपासणी:* डोळे मिटा आणि ट्रम्पेटकडे बोट दाखवा. डोळे उघडल्यावर बोट दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये असायला हवं. नसेल तर पायरी १ वर परत जा.

पायरी ४: आवाजाची पातळी

हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी उंच स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. म्हणून कुजबुजीइतक्या आवाजात कोणतंच ध्वनिमुद्रण पारखता येत नाही. बसायच्या जागी सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. ८५ च्या वर फार वेळ राहू नका, तिथे कान थकतो आणि पुढे इजाही होते.

पातळी ठरली की नॉबची जागा लिहून ठेवा. अर्धा डेसिबल जास्त असलेली आवृत्ती 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते: जास्त स्वच्छ, जास्त जिवंत. बहुतेक चुकीच्या खरेदीचं मूळ मला इथेच दिसतं.

पायरी ५: कोणता अल्बम कशासाठी

वीस अल्बम जमवू नका. चार-पाच घ्या, पण प्रत्येकाला एक काम द्या.

झांजेसाठी 'सो व्हॉट' पुरेसं आहे. सुरुवातीला पियानो आणि बास आपसात चाचपडत बोलतात, मग बासची ओळखीची ओळ येते, आणि साधारण दीड मिनिटावर ट्रम्पेटचा एकल सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक दणका देतो. तो क्षण पुन्हा पुन्हा ऐका. चांगल्या आवृत्तीत आधी काठी धातूवर आदळल्याचा ठोका येतो, मग आवाज फुलतो आणि त्यानंतर बराच वेळ विरत राहतो, ट्रम्पेटच्या मागे, त्याच्या आड न येता. वाईट आवृत्तीत 'छस्स' असा एकच फवारा येतो आणि ट्रम्पेट सुरू होताच संपतो.

जागेच्या जाणिवेसाठी बिल इव्हान्स त्रिकुटाचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये २५ जून १९६१ ला झालेल्या कार्यक्रमाचं हे ध्वनिमुद्रण. पॉल मोशनचे ब्रश, स्कॉट लाफारोचा बास आणि मागे ग्लासांची किणकिण, श्रोत्यांची कुजबुज. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. त्यामुळे हे स्वर जसे होते तसे ऐकू यावेत अशी माझी तरी तळमळ असते. किणकिण त्रासदायक वाटत असेल तर तिच्याकडे लक्ष द्या: ती पियानोच्या मागे, वेगळ्या अंतरावर ऐकू येते का? येत असेल तर संच आणि आवृत्ती दोन्ही ठीक आहेत. याच कामासाठी 'जॅझ अ‍ॅट द पॉनशॉप'ही वापरतात. तो १९७६ साली स्टॉकहोममधल्या स्टॅम्पेन क्लबमध्ये गेर्ट पाल्मक्रांट्झ यांनी मुद्रित केला. क्लबची हवा त्यात विलक्षण आहे, पण वादन म्हणून मला व्हॅनगार्डच अधिक धरून ठेवतं.

बाससाठी ऑस्कर पीटरसन त्रिकुटाचा १९६४ चा 'वुई गेट रिक्वेस्ट्स'. त्यातल्या 'यू लुक गुड टू मी'च्या सुरुवातीला रे ब्राउन गजाने बास वाजवतो आणि एड थिगपेन ट्रँगल. खाली तारेवर गजाची खरखर, वर धातूचा बारीक नाद: एका छोट्या तुकड्यात संचाची दोन्ही टोकं तपासून होतात.

वाद्याच्या मूळ रंगासाठी सनी रोलिन्सचा 'वे आउट वेस्ट'. मार्च १९५७, लॉस एंजेलिस, ध्वनिमुद्रक रॉय ड्यूनान. स्टुडिओ म्हणजे रेकॉर्ड कंपनीची माल ठेवायची आणि पाठवायची खोली. पियानो नाही; फक्त टेनर, बास, ड्रम. लपायला जागाच नाही. सुरुवातीला शेली मॅन लाकडी ठोकळ्यावर घोड्याच्या टापांसारखा ताल धरतो. ते ठोके लाकडाचे वाटायला हवेत, प्लॅस्टिकचे नव्हे.

*सावधान:* स्टिरिओ नाही म्हणून मोनो अल्बम बाजूला टाकू नका. ड्यूक एलिंग्टनचा डिसेंबर १९५० मध्ये मुद्रित झालेला 'मास्टरपीसेस बाय एलिंग्टन' मोनो आहे. योग्य आवृत्तीत त्यातली वाद्यं एकामागे एक, खोलवर उभी राहतात. मोनो अल्बम दोन्ही स्पीकरवर लावला की सगळा आवाज मधल्या एका अरुंद जागी यायला हवा. इकडेतिकडे पसरला तर मांडणीत चूक आहे, नाहीतर त्या आवृत्तीवर कृत्रिम स्टिरिओची प्रक्रिया झालेली आहे.

वाद्याचा दोष ध्वनिमुद्रणाच्या माथी मारू नये, यासाठी एक उदाहरण लक्षात ठेवा. पियानोवादक कीथ जॅरेटच्या २४ जानेवारी १९७५ च्या कोल्नमधल्या मैफलीत ठरलेला पियानो आलाच नाही. जो मिळाला तो लहान होता, त्याचे वरचे स्वर पातळ आणि खर्ज कमकुवत. ध्वनिमुद्रण ते प्रामाणिकपणे दाखवतं. तिथे वरचे स्वर पातळ वाटले तर संच बदलायला धावू नका.

पायरी ६: आवृत्ती निवडणं

इथे घाई करू नका, सर्वाधिक वेळ याच पायरीला द्या.

आधी कोणती आवृत्ती हातात आहे ते ओळखा. कव्हरवर किंवा माहितीत तीन गोष्टी शोधा: मास्टरिंग (ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीसाठी दिलेलं शेवटचं रूप) कोणी केलं, कोणत्या साली, आणि मूळ टेपवरून की नकलेवरून. एलपी असेल तर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरं पाहा. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर तिथे 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असतं. म्हणजे ज्या रूडी व्हॅन गेल्डरने ध्वनिमुद्रण केलं त्यानेच ती मास्टर तबकडीही कापली. सीडीच्या आतल्या कड्यावरचा क्रमांकही असाच उपयोगी पडतो.

मग दाब तपासा. १९९० च्या दशकापासून पुष्कळ पुनर्मुद्रणांत आवाज जोरात वाटावा म्हणून हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी केलं गेलं. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा. लहरींचे उंचसखल डोंगर दिसत असतील तर ठीक. वरखाली सपाट कापलेली वीट दिसली तर ती आवृत्ती सोडा. डायनॅमिक रेंज, म्हणजे हेच अंतर, मोजणारी साधनंही आहेत, पण त्यांच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. त्याच मास्टरवरून काढलेल्या एलपीचा आकडा सीडीपेक्षा मोठा येऊ शकतो, कारण तबकडीवरून येताना लहरींचा आकार बदलतो. म्हणून एलपीची तुलना एलपीशी आणि सीडीची सीडीशीच करा.

तिसरी गोष्ट टेपची सूं, म्हणजे टेपचा स्वतःचा बारीक, अखंड आवाज. १९५०-६० च्या दशकांतल्या टेपला ती असतेच. शांत जागी ती जराही नसेल तर कोणीतरी ती गाळली आहे, आणि तिच्याबरोबर झांजेचं विरणं आणि ब्रशची सळसळही गाळली गेली असण्याची दाट शक्यता आहे. सूं असलेली आवृत्ती निवडा. दोन मिनिटांत कान तिला विसरतो. गेलेली झांज मात्र परत येत नाही.

चौथी, वेग. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र किंचित हळू चालल्याने कित्येक वर्षं किंचित वरच्या पट्टीत वाजत राहिल्या. १९९० च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे दुरुस्त झालं. जुन्या आवृत्तीबरोबर पियानो वाजवायला बसलात तर तो जुळत नाही. काहींना त्या जुन्या चढ्या सुराचीच सवय झालेली आहे, पण वादकांनी वाजवलं ते दुरुस्त आवृत्तीत आहे.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असे आकडे सगळ्यात शेवटी पाहा. सीडीचे १६ बिट सैद्धांतिक हिशेबाने सुमारे ९६ डेसिबलची रेंज देतात, आणि ती या जुन्या टेपना पुरून उरते. दाबून टाकलेलं मास्टरिंग मोठ्या आकड्याच्या फाइलमध्येही दाबलेलंच राहतं. शंका असेल तर वर्णपट (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा आलेख) काढून पाहा: ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या वर भिंत घातल्यासारखं सगळं थांबत असेल, तर ती बहुधा सीडीवरूनच फुगवलेली आहे.

*तपासणी:* कागदावर अल्बम, साल, मास्टरिंग करणाऱ्याचं नाव आणि दाबाबद्दलचं निरीक्षण एवढं लिहिलेलं आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका. नंतर कोणती आवृत्ती कोणती हे आठवत नाही.

पायरी ७: ऐकण्याचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट ऐका. पहिल्या फेरीत फक्त बास: स्वर सुरू कुठे होतो, संपतो कुठे, बोटाचा स्पर्श ऐकू येतो का. दुसऱ्या फेरीत फक्त झांज आणि तिचं विरणं. तिसरीत वाद्यांमागची मोकळी जागा. शेवटी ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन भर जोरात असलेली जागा. दाबलेली आवृत्ती तिथे ओरडू लागते आणि हात आपोआप नॉबकडे जातो. सगळं एकदम ऐकायला गेलात तर मन सुरांत रमतं आणि पारख राहून जाते. रमायला नंतर भरपूर वेळ आहे.

पायरी ८: न बघता तुलना

दोन आवृत्त्यांतला तोच वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडा. दोन्हींची पातळी समान करा, शक्य असेल तर ०.२ डेसिबलच्या आत. हे काम प्लेअरला करू द्या; फोनचं अ‍ॅप इतकं बारीक मोजत नाही. एलपी आणि फाइल यांची तुलना असेल तर अ‍ॅपने जमेल तितकं जुळवा आणि निकालावर थोडा कमी विश्वास ठेवा.

मदतनीस तुम्हाला न सांगता कोणतीही एक लावेल, तुम्ही ओळखायचं. प्रत्येक वेळी कोणती लावायची ते त्याने नाणं उडवून ठरवावं, नाहीतर अ-ब-अ-ब असा क्रम नकळत तयार होतो. असं दहा वेळा करा. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे १ टक्का. आठ किंवा अधिकसाठी ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून आठच बरोबर आले तर आणखी एक फेरी घ्या. पाच-सहा बरोबर आले तर तुमच्या संचावर तुम्हाला दोन्ही सारख्याच आहेत. मग स्वस्त असेल ती ठेवा.

फरक ओळखता आला तरी पसंती अजून ठरलेली नसते. उजळ आवृत्ती तीस सेकंदांत जिंकते आणि वीस मिनिटांत थकवते. म्हणून दोन वेगळ्या दिवशी प्रत्येकीची एक पूर्ण बाजू सलग ऐका. जी ऐकताना आवाज कमी करावासा वाटला नाही, ती ठेवा.

निवडलेल्या आवृत्तीचा कॅटलॉग क्रमांक त्याच कागदावर लिहा. स्ट्रीमिंगवर त्याच नावाखाली काही महिन्यांनी दुसरं मास्टरिंग येऊ शकतं आणि त्याची वर्दी कोणी देत नाही. झांज अचानक वेगळी वाटू लागली, तर कानावर शंका घेण्याआधी तो क्रमांक आणि साल पुन्हा पडताळून पाहा.